नेमकं कुठं उभं राहायचं? इंग्लंडच्या सरोवरांकाठची जुनी ‘स्टेशनं’

महाबळेश्वरला पोचलं की टॅक्सीवाला पहिला प्रश्न विचारतो, “पॉइंट कुठले कुठले करायचे?” त्याच्याकडे यादी तयार असते. केट्स, एल्फिन्स्टन, ऑर्थर सीट, लॉडविक, विल्सन. घरी परतल्यावर शेजारीही विचारतात, किती पॉइंट झाले? या शब्दाची आपल्याला इतकी सवय झाली आहे की एक साधी शंका मनात येत नाही. डोंगर तर सगळीकडून दिसतो. मग तो याच कठड्यापाशी उभं राहून बघायचा, हे कुणी ठरवलं? आणि ठरवताना काय पाहिलं?

या शंकेचं सगळ्यात तपशीलवार उत्तर इंग्लंडच्या वायव्य कोपऱ्यात मिळतं. तिथल्या डोंगराळ, सरोवरांनी भरलेल्या भागाला लेक डिस्ट्रिक्ट म्हणतात. आपल्या मापानं तिथले डोंगर ठेंगणेच. सर्वांत उंच शिखर स्काफेल पाइक, ९७८ मीटर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर आहे. पण याच भागात अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात एक नवी गोष्ट घडली. प्रवाशानं कुठं उभं राहायचं त्या जागा निवडल्या गेल्या, त्यांना क्रमांक मिळाले, त्यांची वर्णनं पुस्तकात आणि खुणा नकाशावर छापल्या गेल्या. अशा जागेला ‘स्टेशन’ म्हणत. आगगाडी यायला तेव्हा बराच अवकाश होता. स्टेशन म्हणजे फक्त थांबण्याची, उभं राहण्याची जागा.

मला हा विषय जवळचा वाटतो, कारण निसर्ग ‘आपोआप’ सुंदर दिसतो असं आपण धरून चालतो. ही स्टेशनं वेगळंच सांगतात. तिथं लोक बघायला शिकले, आणि ते शिक्षण नेमकं कसं दिलं गेलं याचे कागद, नकाशे आणि भिंती आजही शिल्लक आहेत.

भीतीच्या डोंगराचं चित्र कसं झालं

१७२०च्या दशकात ‘रॉबिन्सन क्रूसो’चा लेखक डॅनियल डिफो या भागातून गेला. त्याला इथं काहीच देखणं वाटलं नाही. इंग्लंडमध्ये आपण पाहिलेला हा सगळ्यात रानटी, उजाड आणि भीतीदायक मुलूख, असं त्यानं लिहिलं. तो काही अरसिक माणूस नव्हता. त्या काळच्या प्रवाशाला देखणी जमीन म्हणजे पिकाची जमीन. जिथं धान्य होत नाही, गाडी जात नाही, तिथं बघण्यासारखं काय असणार?

पन्नास वर्षांत हे पार उलटलं. त्यामागचं मोठं कारण म्हणजे चित्रं. श्रीमंत इंग्रज तरुण शिक्षण पुरं करायला इटलीला जात आणि येताना निसर्गचित्रं घेऊन येत. त्यांत तीन नावं सतत ऐकू येत. रोममध्ये राहणारा फ्रेंच चित्रकार क्लॉड लोरँ (१६००–१६८२) म्हणजे सोनेरी उजेड, शांत पाणी, दूरवर विरघळत जाणारी टेकाडं. साल्व्हातोर रोझा म्हणजे तुटलेले कडे, वादळानं मोडलेली झाडं. आणि पूसँ म्हणजे भारदस्त, नीट रचलेला विस्तार. या चित्रांवर वाढलेला डोळा पुढं मायदेशाच्या डोंगरांकडे वळला, तेव्हा त्याला तिथं शेतजमिनीऐवजी चित्र दिसायला लागलं.

जॉन ब्राउन हे याच भागातल्या कंबरलंड परगण्यात वाढलेले विद्वान. केझिक गावाजवळच्या डर्वेंटवॉटर सरोवरावर त्यांनी लिहिलेलं एक पत्र १७६७ मध्ये छापलं गेलं. सौंदर्य, भय आणि विराटता या तिन्ही गोष्टी इथं एकत्र आल्या आहेत, असं त्यात म्हटलं होतं, आणि हे नीट रंगवायला वरचे तिन्ही चित्रकार एकत्र लागतील, असंही. डिफोला जे भय नकोसं झालं होतं तेच आता गुणांच्या यादीत आलं.

१७६९च्या ऑक्टोबरमध्ये कवी टॉमस ग्रे इथं आले. तब्येतीनं नाजूक, वयाची पन्नाशी पार केलेले, एकटेच. त्यांच्या हातात एक लहान आरसा असे, त्याच्याबद्दल पुढं सविस्तर येईलच. एका संध्याकाळी तो उघडा आरसा हातात धरून ते केझिकजवळच्या वाटेनं चालले होते आणि चिखलाच्या गल्लीत उताणे पडले. बोटांची सालं निघाली. तरी ते परतले नाहीत, सूर्य मावळेपर्यंत तिथंच थांबले. तिथल्या पाद्र्याच्या घराजवळून आरशात दिसलेल्या देखाव्याबद्दल ते लिहितात की, हे असंच्या असं, या जिवंत रंगांसकट तुमच्याकडे पाठवता आलं असतं तर हजार पौंडाला सहज विकलं गेलं असतं. पुढं बॉरोडेल खोऱ्याच्या तोंडाशी कडे इतके अंगावर आले की त्यांना आल्प्स आठवले. आल्प्समध्ये वाटाडे सांगतात, बोलू नका, भरभर चाला, नाहीतर हवेच्या हालचालीनं बर्फ सुटेल. ग्रे ग्रेंज या वस्तीपर्यंत गेले आणि मागं फिरले. १७७१ मध्ये ते वारले. त्यांची ही दैनंदिनी १७७५ मध्ये छापली गेली आणि ती वाचून लोक त्याच वाटेनं निघाले.

फादर वेस्ट यांची यादी

लोक येऊ लागले तसा एक अडचणीचा भाग समोर आला. प्रवाशाकडे चार-सहा दिवस असत, खर्च बराच होई, पाऊस कधी येईल सांगता येत नसे. इतकं करून चुकीच्या वळणावर उभं राहिलं तर दिसणार काय? झुडपं, आणि त्यांच्यामागं पाण्याची एक पट्टी.

टॉमस वेस्ट या जेझुइट धर्मगुरूंनी ही अडचण सोडवली. ते या भागाच्या दक्षिणेला फर्नेसमध्ये राहत, तिथल्या जुन्या अवशेषांवर त्यांनी पुस्तक लिहिलं होतं, आणि पाहुण्यांना सरोवरं दाखवायला नेणं त्यांच्या आवडीचं काम होतं. १७७८ मध्ये त्यांचं सरोवरांचं मार्गदर्शक पुस्तक निघालं. पुढच्याच वर्षी ते गेले. पण पुस्तकाच्या आवृत्त्या पुढची चाळीस वर्षं निघत राहिल्या. १७८०च्या दुसऱ्या आवृत्तीत विल्यम कॉकिन यांनी ग्रे यांची दैनंदिनी आणि ब्राउन यांचं पत्रही जोडलं, त्यामुळे प्रवाशाला सगळा मालमसाला एका ठिकाणी मिळाला.

वेस्ट यांचं खरं वेगळेपण त्यांच्या नेमकेपणात आहे. विंडरमिअर हे इंग्लंडमधलं सर्वांत लांब सरोवर, सुमारे १७ किलोमीटरचं. त्याच्या पश्चिम काठावरचं पहिलं स्टेशन सांगताना ते म्हणतात, नावेच्या उताराजवळ रस्त्याला दोन्ही बाजूंनी कवेत घेणारी दोन लहान ओकची झाडं शोधा. पश्चिमेकडच्या झाडामागून जवळच्या खडकावर चढा. तिथून दोन दिशांना दोन देखावे मिळतील आणि त्यांत सगळं सरोवर येईल. एखाद्या आडगावी पाहुण्याला घर सांगताना आपण ‘पिंपळापासून डावीकडे, मग विहिरीच्या मागं’ असं सांगतो ना, अगदी तसं.

सरोवरांचा क्रमसुद्धा त्यांनी विचारानं लावला होता. प्रवाशानं लँकेस्टरहून निघावं, मोरकंब खाडी ओहोटीच्या वेळी वाळूवरून ओलांडावी (वाटाड्याशिवाय हे जिवावरचं काम होतं, आजही आहे), आधी कोनिस्टन सरोवर बघावं, मग विंडरमिअर, आणि शेवटाकडे डर्वेंटवॉटर. कोनिस्टनला क्लॉडचा हळुवार हात, विंडरमिअरला पूसँचा भारदस्तपणा, डर्वेंटवॉटरला रोझाचं अंगावर येणारं नाट्य. म्हणजे आधी विलंबित, मग मध्य लय, शेवटी द्रुत. उलट्या क्रमानं गेलात तर कोनिस्टन मिळमिळीत वाटेल, हे त्यांनी ओळखलं होतं. मला वेस्ट यांच्याबद्दल सगळ्यात जास्त आदर या गोष्टीसाठी वाटतो. पाहणाऱ्याच्या मनात आधी काय साठलंय यावर पुढचं दिसणं ठरतं, हे त्यांना कळलं होतं.

एखादी जागा स्टेशन का होते

आता मुख्य मुद्दा. याच खडकावर का? दहा पावलं पुढं का नाही?

यासाठी मराठी नाटकाचा रंगमंच डोळ्यांसमोर आणा. दोन्ही बाजूंना विंगा, मध्ये मोकळी जागा, मागं रंगवलेला पडदा. क्लॉडचं चित्र बरोबर याच रचनेचं असतं. डावी-उजवीकडे झाडं किंवा कडा, म्हणजे विंगा. पुढं काळोखी जमीन, एखादं झुडूप, दोन-तीन माणसं. मधे उजळ पाणी. मागं निळसर होत गेलेले डोंगर. नजर विंगांमुळे बाहेर सांडत नाही, पुढच्या काळोखावरून पाण्यावर जाते आणि तिथून मागच्या डोंगरावर. स्टेशन शोधणं म्हणजे खऱ्या जमिनीवर अशी जागा शोधणं जिथून हे सगळं आपोआप जुळून येतं.

दुसरं गणित उंचीचं. घरी परातीत पाणी भरून बघा. डोळे परातीच्या कडेच्या रेषेत आणले तर पाणी दिसतच नाही, फक्त कड दिसते. अगदी वरून पाहिलं तर पूर्ण गोल दिसतो, पण तो सपाट, नकाशासारखा. मधल्या उंचीवरून पाहिलं तर लंबगोल दिसतो, जवळचा काठ आणि दूरचा काठ यांच्यातलं अंतर जाणवतं. सरोवराचंही तसंच. म्हणून ही स्टेशनं बहुधा शिखरावर नसत, काठापासून थोडी वर असत. शिखरावरून पुढची झाडं हरवतात, विंगा हरवतात, डोंगर बुटके होतात. आपल्याकडे ‘जितकं उंच तितकं चांगलं’ असा समज असतो. त्या काळच्या जाणत्या प्रवाशाचा तसा नव्हता.

तिसरा उजेड. विंडरमिअरचं ते स्टेशन पश्चिम काठावर असल्यानं तिथून पाहणाऱ्याचं तोंड पूर्वेकडे होतं. दुपार कलल्यावर सूर्य पाठीशी येतो आणि समोरचा काठ, बाउनेस गाव, मधलं बेल आइल नावाचं मोठं बेट हे सगळं उजळून निघतं. उत्तरेला डोंगर उंचावत जातात, दक्षिणेला काठ मऊ आणि झाडीचे होतात. वेस्ट यांनी ‘दोन देखावे’ म्हटलं ते यासाठी. मान वळवली की चित्र बदलतं.

या सगळ्याला तेव्हा एक शब्द होता, पिक्चरेस्क. म्हणजे जे चित्रात चांगलं दिसेल असं सौंदर्य. या शब्दाचे मोठे प्रचारक म्हणजे विल्यम गिल्पिन, स्वतः कंबरलंडमध्ये जन्मलेले धर्मगुरू आणि शिक्षक. १७७२ मध्ये ते इथं फिरले, त्यांची निरीक्षणं १७८६ मध्ये छापली गेली. त्यांचे नियम बारीक होते. चित्रात दोन गाई नीट जमत नाहीत, तीन जमतात. वाय नदीकाठच्या टिंटर्न मठाच्या अवशेषात भिंतींची त्रिकोणी टोकं त्यांना फार सरळ वाटली, तर तिथं हातोडा चालवला असता तर बरं झालं असतं, असं त्यांनी मोकळेपणानं लिहिलं.

पाठ फिरवून बघायचा आरसा

ग्रे यांच्या हातातला तो आरसा क्लॉडच्या नावानं ओळखला जाई. तळहाताएवढा, पाकिटासारख्या घडीच्या डबीत बसवलेला, काळसर काचेचा आणि किंचित फुगीर. गाडीच्या बाजूला असतो तसा बहिर्वक्र आरसा, पण गडद.

हा वापरायचा तर देखाव्याकडे पाठ करावी लागे. डबी वरच्या कडेनं धरायची, थोडी डावी-उजवीकडे सरकवायची, म्हणजे आपलाच चेहरा मधे येत नाही आणि खांद्यामागचं सरोवर दिसतं. फुगीरपणामुळे मैलोगणती पसरलेला देखावा हातभर काय, बोटभर जागेत मावतो. जवळचे अजस्र कडे लांब जातात, माणसाला पेलतील एवढे होतात. गडद काचेमुळे आभाळाचा भगभगीतपणा उतरतो, बारीकसारीक तपशील एकमेकांत मिसळतात आणि उजेड-अंधाराचे मोठे मोठे तुकडे उरतात. चित्रकार डोळे किलकिले करून बघतो तेव्हा त्याला जे मिळतं, तेच इथं काच मिळवून देई. वेस्ट यांनी आरशाच्या दोन जाती सांगितल्या आहेत: उन्हासाठी काळी काच, आणि ढगाळ दिवसासाठी चांदीच्या कल्हईचा उजळ आरसा.

लोक देखाव्याकडे पाठ करून उभे राहत हे आज ऐकायला विचित्र वाटतं. मला ते तसं वाटत नाही. समोरचा पसारा अफाट असतो, डोळ्याला कुठं थांबावं कळत नाही, आणि अशा वेळी एक लहान चौकट हातात आली की आधार मिळतो. रेखाटन शिकणारी मुलं दोन्ही हातांच्या बोटांची चौकट करून बघतात, त्यामागची गरज तीच आहे.

चौकटीची ही कल्पना त्या भागात आरशाच्याही आधीपासून होती. रायडल गावात सर डॅनियल फ्लेमिंग यांनी १६६८-६९ मध्ये धबधब्यासमोर दगडाची एक छोटी खोली बांधली. आत शिरलं की अंधार. समोर एकच मोठी खिडकी, आणि खिडकीच्या चौकटीत बरोबर बसवल्यासारखा पांढरा धबधबा, त्याच्यावर पूल. भर दुपारी माजघराच्या अंधारातून अंगणाकडे पाहावं तसा तो उजेड डोळ्यांत भरतो. केवळ देखावा बघण्यासाठी बांधलेल्या ब्रिटनमधल्या सगळ्यात जुन्या वास्तूंत तिची गणना होते. जोसेफ राइट यांनी १७९५ मध्ये हाच धबधबा रंगवला. ती खोली आजही आहे.

विंडरमिअरच्या त्या पहिल्या स्टेशनवर तर याहून पुढची मजल गाठली गेली. १७९०च्या दशकात विल्यम ब्रेथवेट या धर्मगुरूंनी तिथं दुमजली वास्तू उभारली, पुढं ती समोरच्या बेटाचे मालक जॉन ख्रिश्चन करवेन यांच्याकडे गेली आणि त्यांनी ती वाढवली. क्लेफ स्टेशन हे तिचं नाव. वरच्या दालनाच्या खिडक्यांत रंगीत काचा बसवल्या होत्या. हिरवट काचेतून पाहिलं की सरोवरावर वसंत, पिवळीतून उन्हाळा, नारिंगीतून पानगळ, फिक्या निळ्यातून हिवाळा. गडद निळी काच चांदण्या रात्रीसाठी आणि जांभळट काच वादळासाठी. एका दुपारी आलेला पाहुणा एका जागी उभा राहून वर्षभराचं हवामान बघून जाई. लेक डिस्ट्रिक्टमध्ये पाऊस किती पडतो आणि किती प्रवासी नुसतं धुकं बघून परततात हे माहीत असेल तर या काचांमागची माया समजते.

नकाशे, तोफा आणि न दिसलेली माणसं

केझिकमध्ये पीटर क्रॉस्थवेट नावाचा एक माणूस होता. तरुणपणी पूर्वेकडच्या समुद्रात चाकरी करून आलेला. त्यानं गावात संग्रहालय काढलं आणि १७८३ पासून सरोवरांचे नकाशे छापून विकायला सुरुवात केली. या नकाशांवर वेस्ट यांची स्टेशनं होती, शिवाय त्यानं स्वतः निवडलेली काही. खोली, बेटं, काठावरच्या बड्या घरांची चित्रंही होती. स्किडॉ डोंगराच्या बाजूला सापडलेल्या सुरेल दगडांचं त्यानं वाद्य केलं आणि ते तो पाहुण्यांना वाजवून दाखवी. नकाशा, पुस्तक, आरसा सगळं त्याच्याच दुकानात मिळे. पर्यटनाचा धंदा म्हणून आज आपण जे ओळखतो त्यातलं बरंचसं त्या एका दुकानात होतं.

प्रतिध्वनीही विकत मिळत. सरोवरावर नावेतून जाताना किंवा लोडोर धबधब्याजवळ तोफ डागली जाई आणि आवाज डोंगराडोंगरांवर आपटत घुमत राही. लहान तोफेचा दर वेगळा, मोठीचा वेगळा. माथेरानच्या एको पॉइंटवर आपण फुकटात ओरडतो, तिथं त्याला दारू लागे.

हे सगळं उभं राहायला बाहेरची कारणंही होती. १७६०च्या दशकात केंडल ते केझिक टोल भरून वापरायचा चांगला रस्ता झाला, त्यामुळे चाकाची गाडी आत येऊ लागली. मग १७९३ पासून १८१५ पर्यंत, मधला थोडा काळ सोडला तर, फ्रान्सशी युद्ध चाललं. इटलीची वाट बंद झाली, तेव्हा इटलीच्या चित्रांची हौस लोकांनी घरच्याच डोंगरात भागवली.

पण स्टेशनवरून काय दिसत नसे, तेही सांगितलं पाहिजे. बॉरोडेलच्या वरच्या अंगाला ग्राफाइटची खाण होती, पेन्सिलीत घालतात ते शिसं तिथून निघे. कोनिस्टनच्या डोंगरात तांब्याच्या खाणी होत्या, होनिस्टरला पाटीचा दगड निघे. हर्डविक जातीच्या काटक मेंढ्यांमागं डोंगर चढणारे मेंढपाळ होते. चित्राच्या रचनेत या कष्टाला जागा नव्हती. गिल्पिन यांनी तर स्पष्टच लिहिलं की नीतीच्या दृष्टीनं राबणारा कारागीर जास्त आवडावा, पण चित्राच्या दृष्टीनं रेंगाळणारा खेडूत बरा. त्यांची ही कबुली प्रामाणिक आहे आणि मला ती टोचते. मेंढ्या हव्यात, मेंढपाळ स्वस्थ उभा असेल तर हवा, कामात असेल तर नको.

आणि पुष्कळदा देखावा खुला झाला तो तोडीमुळे. डर्वेंटवॉटरच्या काठावरचं क्रो पार्क हे वेस्ट यांच्या नावाजलेल्या स्टेशनांपैकी एक. ग्रे तिथं उभे राहिले तेव्हा ते ओबडधोबड कुरण होतं, पण जमिनीत जुन्या ओकच्या झाडांची प्रचंड मुळं अजून दिसत होती. अर्ल ऑफ डर्वेंटवॉटर यांना बंडाबद्दल १७१६ मध्ये देहदंड झाला, पुढं ती मालमत्ता ग्रिनिच हॉस्पिटलकडे गेली, आणि त्या अमलात ते ओकचं रान तोडलं गेलं. रान गेलं म्हणून सरोवर दिसलं. पर्यटकानं ‘मूळचा निसर्ग’ म्हणून जे डोळे भरून पाहिलं ते तोडीनंतरचं माळरान होतं.

आता उलटं झालंय. बऱ्याच स्टेशनांवर पुन्हा झाडी माजली आहे. वेस्ट यांनी सांगितलेल्या खडकावर चढलं तर समोर पानांशिवाय काही दिसत नाही अशा जागा आहेत. क्लेफ स्टेशनही कित्येक दशकं छप्पर उडालेलं, वेलींत बुडालेलं पडून होतं. वारसा जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेनं त्याची डागडुजी करून ते २०१५ मध्ये पुन्हा उघडलं आणि रंगीत काचांची थोडी झलकही तिथं परत आणली.

एकाच वळणाची नजर

आपल्या पॉइंटांकडे यायचं तर तारखा बोलक्या आहेत. लॉडविक हा अधिकारी १८२४ मध्ये महाबळेश्वरच्या पठारावर चढला, १८२०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईचे गव्हर्नर माल्कम यांनी तिथं वसाहत केली. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर मॅलेट माथेरानवर पोचले. ही माणसं ज्या इंग्लंडात वाढली तिथं डोंगर स्टेशनवरून बघण्याची रीत एव्हाना घरोघरी मुरलेली होती. लेक डिस्ट्रिक्टच्या स्टेशनांची यादी उचलून कुणी सह्याद्रीत लावली असं मी म्हणत नाही. पण पठाराच्या कडेला जागा हेरायची, तिला नाव द्यायचं, तिथपर्यंत वाट काढायची आणि दरीकडे तोंड करून उभं राहायचं, हे वळण एकच आहे.

त्याआधी शेकडो वर्षं लोक महाबळेश्वरला येतच होते. ते क्षेत्र महाबळेश्वरला, पंचगंगेच्या देवळात यायचे. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री या नद्यांचा उगम जिथं मानला जातो तिथं गोमुखातून पडणाऱ्या पाण्याखाली ओंजळ धरायचे. त्यांचं तोंड आत, पाण्याकडे असे. पॉइंटवर उभ्या राहणाऱ्याचं तोंड बाहेर, दरीकडे. दोन्ही पाहणीच, पण शरीर उभं राहतं ते वेगळ्या दिशेला.

ढगावरून

स्टेशनांची सद्दी संपवली ती मुख्यतः कवी विल्यम वर्ड्सवर्थ यांनी. ते याच मातीत जन्मले आणि याच मातीत गेले. सरोवरांवरचं त्यांचं वर्णन १८१० मध्ये आधी दुसऱ्याच्या चित्रसंग्रहासोबत, नाव न देता छापलं गेलं, मग वाढत वाढत १८३५ मध्ये त्याची पाचवी आवृत्ती निघाली. त्यात ते वाचकाला खडकावर नेत नाहीत. ग्रेट गेबल आणि स्काफेल या डोंगरांच्या मधोमध तरंगणाऱ्या एका ढगावर उभे आहोत अशी कल्पना करा, म्हणतात. तिथून खोरी दिसतात ती चाकाच्या तुंब्यातून निघालेल्या आऱ्यांसारखी, सगळीकडे पसरत गेलेली. चौकट नाही, विंगा नाहीत. पाणी कुठून येतं, कुठं जातं, घरं उताराला का चिकटलीत, भिंती कुणी रचल्या, हे सगळं त्या आऱ्यांवरून उलगडत जातं. न दिसलेली माणसंही तिथं दिसायला लागतात. ज्याला बघायला डोळे आणि आनंद घ्यायला मन आहे अशा प्रत्येकाचा या भूमीवर हक्क आहे, ती एक प्रकारे राष्ट्राची मालमत्ता आहे, हे त्यांचं म्हणणं पुढं खूप दूर गेलं. १८९५ मध्ये नॅशनल ट्रस्ट स्थापन झाला, १९५१ मध्ये इथं राष्ट्रीय उद्यान झालं, २०१७ मध्ये युनेस्कोनं या प्रदेशाला जागतिक वारसा मानलं.

याच वर्ड्सवर्थ यांनी १८४३ मध्ये, सत्तरी पार केल्यावर, आपल्या कवितांविषयीच्या आठवणी एका स्नेही बाईंना सांगून लिहवून घेतल्या. त्यांत क्लेफची आठवण आहे. लहानपणी ते हॉक्सहेडच्या शाळेत होते. तेव्हा त्या खडकावर वास्तू नव्हती, रंगीत काचा नव्हत्या. तिथून दिसणारं सरोवर त्यांना फार आवडायचं. गावात एक फिरता जादूगार आला होता आणि त्याच्याकडे चाकरीला यांच्याच वयाचा एक आयरिश पोरगा होता. वर्ड्सवर्थ त्याला हॉक्सहेडहून चालवत त्या खडकापर्यंत घेऊन गेले. खालची बेटं आणि त्यांच्यामधून वळत गेलेलं पाणी बघून त्या पोराला किती आनंद होतो, तेवढंच त्यांना पाहायचं होतं. आपली निराशा झाली नाही, असं त्यांनी सांगितलं.